बंध आणि बळ

दंडाभोवती पट्टी गुंडाळून रक्तदाब मोजवून घेण्याचा प्रसंग आता सुशिक्षित कुटुंबांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या नित्याच्या परिचयाचा झाला आहे. पट्टीत हवा भरली जाऊ लागली म्हणजे दंड आवळतो, बोटांना मुंग्या येतात, आणि आपलाच हात क्षणभर परका वाटू लागतो. हवा सोडताच रक्ताचा उबदार लोट पुन्हा तळहातापर्यंत धावतो आणि हात आपला होतो. या मिनिटभराच्या बंधनात बळ वाढविण्याचे एक साधन दडलेले असेल, अशी शंका त्या वेळी कोणाच्या मनास शिवत नाही. तथापि अशाच जातीची पट्टी हाताच्या किंवा पायाच्या मुळाशी बांधावी, रक्ताचा ओघ काही अंशी अडवावा, अगदी हलक्या वजनाने व्यायाम करावा, आणि जड वजनाच्या व्यायामापासून मिळणाऱ्या फळाच्या जवळपास जाणारे फळ पदरात पाडून घ्यावे, ही पद्धती आज जगातील अनेक रुग्णालयांत व व्यायामशाळांत रूढ झाली आहे. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले खेळाडू, युद्धात जखमी झालेले सैनिक, वृद्ध स्त्रीपुरुष, आणि अलीकडे खांदा दुखावलेली माणसे यांच्यासाठी तिचा अवलंब होत असतो.

या पद्धतीची जन्मकथा सामान्यतः एका जपानी तरुणाच्या नावाने सांगितली जाते. ती मनोरंजक आहे, व योग्य स्थळी आम्ही ती देणार आहोतच. परंतु तेवढीच सांगून थांबणे म्हणजे नदीचा उगम तिच्यावरील पहिल्या घाटापाशी मानण्यासारखे होईल. अवयवास पट्टी बांधण्याची विद्या फार जुनी आहे. व्यायामाची विद्या तर तिच्याहूनही जुनी. या दोहोंची गाठ पडावयास इतका काळ का लागला, आणि गाठ पडल्यावरही खांद्यासारख्या अवयवाच्या बाबतीत वाद का उरला, हा खरा इतिहासाचा प्रश्न होय. आमच्या मते त्याचे उत्तर एकाच शब्दात सामावलेले आहे : मात्रा. पट्टी सर्वांच्याच हाती होती. ती किती आवळावी हे कळण्यास शतके लागली.

इ. स. १६२८ मध्ये फ्रँकफर्ट येथे विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याचा हृदय व रक्त यांच्या गतीविषयीचा एक लहानसा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. रक्त शरीरात वर्तुळाकार फिरते, ही आज शाळकरी मुलासही ठाऊक असलेली गोष्ट त्या ग्रंथाने प्रथम सप्रमाण मांडली. प्रमाण म्हणून हार्वेने जी साधने वापरली त्यांत दंडावर बांधलेली एक साधी पट्टी प्रमुख होती. त्याने दोन प्रकारचे बंध वेगळे केले. पहिला घट्ट बंध. यात पट्टीखाली नाडी लागत नाही, हात हळूहळू थंड पडतो, आणि पट्टीच्या वरच्या बाजूस मात्र रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनी, फुगून उडू लागते. दुसरा मध्यम बंध. रक्त काढण्यासाठी त्या काळचे शस्त्रवैद्य बांधीत असत तसा. यात नाडी चालूच राहते, परंतु हात लालसर होऊन फुगतो आणि नीला, म्हणजे रक्त परत हृदयाकडे नेणाऱ्या वाहिन्या, टरारून वर येतात. याचा अर्थ उघड होता. रोहिण्या खोल व जाड भिंतींच्या, म्हणून मध्यम बंधास त्या दबत नाहीत; नीला उथळ व मऊ, म्हणून त्या दबतात. रक्त आत शिरते, बाहेर पडण्याची वाट मात्र अडते. पादुआ येथील हार्वेचे गुरू फॅब्रिशियस यांनी नीलांतील झडपांवर १६०३ साली ग्रंथ लिहिला होता. परंतु त्या झडपा कशासाठी आहेत, याचा उलगडा शिष्याच्या या पट्टीने केला.

घट्ट बंध व मध्यम बंध हा हार्वेने दाखविलेला भेद वाचकांनी लक्षात ठेवावा अशी आमची विनंती आहे, कारण पुढील सर्व इतिहास या दोन वाटांनी जातो. आज ज्यास रक्तप्रवाह मर्यादित करून केलेला व्यायाम म्हणतात, त्याचे मूळ तत्त्व हार्वेच्या मध्यम बंधात जसेच्या तसे आहे. परंतु हार्वेस रक्ताचा मार्ग शोधावयाचा होता, बळ नव्हे; आणि त्याच्यामागून आलेल्या शस्त्रवैद्यांस मध्यम बंधापेक्षा घट्ट बंधाचीच निकड अधिक होती.

ही निकड कोणती, हे रणांगणाने शिकविले. तोफांच्या युगात छिन्नविच्छिन्न झालेले हातपाय कापून टाकल्याखेरीज सैनिक वाचत नसे, आणि कापताना तो रक्तस्रावाने मरत असे. सतराव्या शतकात दोरीत काठी घालून पिळण्याची युक्ती प्रचारात आली. १७१८ साली पॅरिस येथे झां लुई पती या शस्त्रवैद्याने मळसूत्राने आवळता येणारे यंत्र पुढे आणले; पिळणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून त्यास मिळालेले टूर्निकेट हे नाव आजतागायत चालत आले आहे. १८७३ साली जर्मन लष्करी शस्त्रवैद्य फ्रीड्रिश एस्मार्क यांनी रबरी पट्टीने अवयवातील रक्त वर ढकलून मग तो बांधण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि रक्तविरहित क्षेत्रात शस्त्रक्रिया करणे शक्य झाले. परंतु या साधनांत एक मोठे वैगुण्य होते : आवळण्याचे माप हाताच्या अंदाजावर अवलंबून असे, आणि अंदाज चुकला म्हणजे मज्जातंतू चिरडून हात कायमचा लुळा पडण्याचे भय राही.

या वैगुण्यावर उपाय सापडला तो रक्तदाब मोजण्याच्या यंत्रातून. इटालियन वैद्य रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ साली हवेने फुगणारी दंडपट्टी आणि पाऱ्याची नळी यांचा मेळ घालून रक्तदाब मोजण्याचे सोपे साधन तयार केले. त्यांची पट्टी अरुंद होती. अरुंद पट्टीने दाब वाजवीपेक्षा जास्त भासतो, म्हणून ती रुंद असली पाहिजे, हे १९०१ साली फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी दाखविले. त्याच वर्षी अमेरिकन शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग यांनी पाव्हिया येथे रिव्हा-रोच्चींचे यंत्र पाहिले, ते ते मायदेशी घेऊन गेले, आणि १९०४ साली त्यांनी हवेच्या दाबाने चालणारे टूर्निकेट शस्त्रक्रियेसाठी सुचविले. बंधास आता अंक मिळाला. पट्टी किती आवळली, या प्रश्नास पाऱ्याचे इतके मिलिमीटर असे उत्तर प्रथमच देता येऊ लागले. पट्टीच्या रुंदीचा प्रश्नही त्याच वेळी उपस्थित झाला होता, ही गोष्ट पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

घट्ट बंधाची वाट अशी प्रशस्त होत असता मध्यम बंधाच्या पाऊलवाटेने एकच थोर पुरुष चालत होता. ऑगुस्ट बियर (१८६१–१९४९) हे जर्मन शस्त्रवैद्य. पाठीच्या कण्यात औषध घालून कमरेखालचा भाग बधिर करण्याच्या रीतीमुळे त्यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात अमर आहे. परंतु त्यांचा स्वतःचा लोभ होता तो रक्तसंचयाच्या उपचारावर. हृदयविकारामुळे ज्यांच्या फुफ्फुसांत रक्त साठून राहते अशा रोग्यांस क्षय क्वचित होतो, हे पूर्वीच्या शवविच्छेदकांनी नमूद केले होते; त्यावरून सांध्याच्या क्षयावर सांध्याच्या वर लवचीक पट्टी बांधून तेथे मुद्दाम रक्त साठवावे, असे बियर यांनी ठरविले. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा कटाक्ष एकाच गोष्टीवर होता : अवयव उबदार राहिला पाहिजे, नाडी लागली पाहिजे, आणि वेदना होता कामा नये. वेदना झाली म्हणजे मात्रा चुकली. ही शिकवण हार्वेच्या मध्यम बंधाचीच होय. नवीन औषधांच्या युगात बियर यांचा उपचार मागे पडला. येथे इतिहासाचा एक मौजेचा योगायोग दिसतो. हेच बियर १९२० साली बर्लिन येथे स्थापन झालेल्या शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयाचे पहिले प्रमुख झाले. एका हातात मध्यम बंध, दुसऱ्या हातात व्यायामाचे विद्यापीठ! दोन्ही हात जुळण्यास केवळ एका विचाराचे अंतर होते. परंतु तो विचार उदयास येण्यास आणखी अर्धशतक जावयाचे होते.

त्या अर्धशतकात व्यायामाच्या शास्त्राने उलट दिशेनेच आपला पाया घट्ट केला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागो येथील एका लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म हे तरुण डॉक्टर जखमी सैनिकांवर उपचार करीत होते. लहानपणी संधिवाताच्या तापाने अंथरुणास खिळले असता वजने उचलून त्यांनी आपली प्रकृती सुधारली होती. प्लास्टरमध्ये महिनोगणती राहून सुकलेले पाय हलक्या हालचालींनी भरून येत नाहीत, हे पाहून त्यांनी रोग्यांस जड वजने उचलावयास लावली. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाने एक नियम घालून दिला : जड वजन थोड्या वेळा उचलले म्हणजे बळ वाढते, हलके वजन पुष्कळ वेळा उचलले म्हणजे दम वाढतो, एकाचे काम दुसऱ्याने होत नाही. आपल्याकडील आखाड्यांत जोर-बैठकांची संख्या शेकड्यांनी मोजण्याची चाल असल्यामुळे हा नियम आपणांस थोडा परका वाटेल. परंतु जगभरच्या व्यायामशास्त्राने तो शिरोधार्य मानला, आणि निरोगी माणसापुरता तो बव्हंशी खराही ठरला.

प्रश्न होता तो निरोगी नसलेल्या माणसाचा. ज्याचे हाड नुकतेच सांधले आहे, ज्याच्या खांद्यातील तुटलेला स्नायुबंध शस्त्रवैद्याने टाके घालून हाडास जोडला आहे, किंवा सत्तरीच्या पुढे ज्याचे सांधे झिजले आहेत, त्यास जड वजन उचलता येत नाही. नियमाप्रमाणे बळ हवे असेल तर जड उचलले पाहिजे. आणि जड उचलण्यासाठी आधी बळ पाहिजे. स्नायू तर रोज सुकत चाललेला. डीलॉर्मच्या नियमाच्या उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्या या माणसांसाठी दुसरे दार कोठे आहे?

ते दार उघडण्याचे श्रेय योशिआकी सातो यांस दिले जाते. त्यांचा जन्म १९४८ चा. त्यांच्याच कथनानुसार १९६६ च्या शरदृतूत, वयाच्या अठराव्या वर्षी, ते एका बौद्ध श्राद्धविधीस गेले असता जपानी रीतीप्रमाणे पाय दुमडून गुडघ्यांवर बसले होते. बराच वेळ गेल्यावर पोटऱ्या बधिर होऊन ठणकू लागल्या. त्या चोळताना त्यांच्या ध्यानात आले की, टाचा उचलण्याचा कसून व्यायाम केल्यावर पोटऱ्या जशा फुगून ताठरतात, तशाच त्या या वेळी फुगल्या आहेत. व्यायाम तर झालेला नव्हता. झाले होते ते इतकेच की, शरीराच्या भाराने रक्ताची वाट दबली होती. अशा आसनात बसून पाय बधिर होण्याचा अनुभव पूर्वेकडील कोट्यवधी माणसांनी घेतलेला आहे. आपल्याकडील कीर्तनास किंवा पंगतीस बसलेल्या कोणासही तो सांगावयास नको. परंतु तो अनुभव आणि व्यायामाचा अनुभव यांतील साम्य ओळखणारा मनुष्य विरळा, आणि या दृष्टीने सातो यांचे श्रेय आम्ही कमी लेखीत नाही.

त्यापुढे सातो यांनी जे केले त्यात धाडस जितके तितकाच अविचार होता. सायकलीच्या चाकातील रबरी नळ्या, दोऱ्या, ज्यूदोचे कमरपट्टे, जे हाताशी आले ते त्यांनी आपल्या दंडांस व मांड्यांस बांधले आणि किती आवळावे हे स्वतःच्या देहावर अजमावून पाहिले. मापाचे यंत्र नव्हते. प्रारंभीच्या काळात अतिरेकी आवळण्यामुळे त्यांच्या फुफ्फुसात रक्ताची गुठळी जाऊन अडकली व त्यांचा जीव धोक्यात आला. हार्वेचा मध्यम बंध घट्ट बंधात बदलण्यास एका पिळाचेच अंतर असते, हे त्यांस असे कळले. १९७३ साली बर्फावरून घसरण्याच्या खेळात त्यांचा घोटा मोडला. तेव्हा प्लास्टर असलेल्या पायाच्या मांडीवर पट्टा थोडा वेळ आवळावा, मग सोडावा, पुन्हा आवळावा, असा प्रयोग त्यांनी केला, आणि पाय अपेक्षेप्रमाणे सुकला नाही, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. १९८० नंतर त्यांनी ही रीत लोकांस शिकविण्यास प्रारंभ केला व तिला ‘काआत्सु’ हे नाव दिले. का म्हणजे वाढविणे आणि अत्सु म्हणजे दाब. दाब चढविणे असा त्याचा सरळ अर्थ. आजारपणात वजने उचलणारे डीलॉर्म आणि मोडक्या पायास पट्टा बांधणारे सातो, या दोघांचेही पहिले रोगी ते स्वतःच होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

परंतु एका माणसाचा स्वानुभव म्हणजे शास्त्र नव्हे. शास्त्राची मोहोर उठण्यास १९९० नंतरचे दशक उजाडावे लागले. तोक्यो विद्यापीठातील नाओकाता इशिई, त्यांचे सहकारी युदाई ताकारादा व इतर संशोधक यांनी या रीतीची मोजमापे घेतली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात प्रौढ व वयस्क स्त्रियांकडून १६ आठवडे दंडाचा व्यायाम करवून घेतला होता. काहींनी जड वजन वापरले, काहींनी हलके, आणि काहींनी तेच हलके वजन दंडावर सुमारे ११० मिलिमीटर दाबाची पट्टी बांधून वापरले. शेवटी असे दिसले की, पट्टी बांधलेल्या स्त्रियांच्या दंडाचा स्नायू नुसत्या हलक्या वजनाच्या मानाने पुष्कळ अधिक भरला, आणि ती वाढ जड वजनवाल्यांच्या बरोबरीची होती. उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्यांसाठी दार आहे, हे येथे प्रथम मोजून सिद्ध झाले.

असे का व्हावे? अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ एल्वुड हेनेमन यांनी १९५७ पासून पुढे दाखविले होते की, स्नायूंतील तंतूंचे गट एका ठरावीक क्रमाने कामास लागतात. लहान व चिवट गट आधी. मोठे व जोरकस गट अगदी शेवटी, भार फार झाला तरच. हलक्या वजनात मोठे गट स्वस्थ निजलेले असतात, म्हणून ते वाढतही नाहीत. पट्टी बांधली म्हणजे स्नायूस प्राणवायू कमी पडतो, श्रमातून निघालेली आम्लद्रव्ये बाहेर वाहून जात नाहीत, आणि लहान गट लवकर थकतात. घरातील धाकटी माणसे दमून बसली म्हणजे थोरल्यांस उठून हात लावावाच लागतो, तसे मोठे गट हलक्या वजनासाठीही उठतात. डीलॉर्मचा नियम खोटा ठरला नाही. वजनाच्या जडपणाखेरीजही थोरल्यांस उठविण्याचा एक मार्ग आहे, एवढीच त्यास पुरवणी जोडली गेली. व्यायामानंतर रक्तात वाढीचे रस पुष्कळ पटींनी वाढतात, हेही आरंभी मोठे कारण मानले गेले. परंतु पुढील संशोधनाने त्या क्षणिक वाढीचे महत्त्व बरेच कमी केले आहे.

भीतीचा प्रश्न मात्र राहतोच. ज्या साधनाने त्याच्या प्रवर्तकासच मरणाच्या दारी नेले, ते इतरांनी का वापरावे? २००६ साली जपानातील नाकाजिमा व त्यांचे सहकारी यांनी १०५ केंद्रांतील १२,६४२ माणसांची पाहणी प्रसिद्ध केली. त्वचेखाली रक्त साकळून डाग पडणे शेकडा १३ जणांत आढळले. बधिरता शेकडा सुमारे १.३ जणांत, नीलेत गुठळी होणे शेकडा ०.०५५, आणि गुठळी फुफ्फुसात जाणे शेकडा ०.००८, म्हणजे त्या साऱ्या समूहात एक. हे आकडे धीर देणारे आहेत. परंतु ते शिकलेल्या माणसांच्या देखरेखीखालील केंद्रांचे आहेत, सायकलीची नळी बांधणाऱ्या उतावळ्या तरुणाचे नव्हेत. शिवाय रक्ताची वाट अडवून केलेल्या श्रमाने रक्तदाब वर चढतो आणि वाट मोकळी होईपर्यंत चढलेलाच राहतो, हे अ‍ॅलम व स्मर्क यांनी १९३७ सालीच दाखविले होते. म्हणून ज्यांस पूर्वी गुठळीचा विकार झाला आहे किंवा ज्यांचा रक्तदाब ताब्यात नाही, त्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून या वाटेस जाऊ नये.

मात्रेचे शास्त्र पुढे अधिक सूक्ष्म झाले, आणि येथे रेक्लिंगहाउझेन यांची जुनी शिकवण पुन्हा कामास आली. अमुक मिलिमीटर दाब हा आकडा एकटा निरर्थक होय. रुंद पट्टी कमी दाबातच रक्त थांबविते, अरुंदीस जास्त दाब लागतो, आणि जाड मांडी व कृश दंड यांस एकच माप चालत नाही. म्हणून आता प्रथम त्या माणसाच्या त्या अवयवातील रक्त पूर्णपणे कोणत्या दाबास थांबते हे पाहावे, आणि त्याच्या शेकडा ४० ते ८० एवढाच दाब ठेवावा, असा विविध देशांतील तज्ज्ञांनी २०१९ साली एकत्रितपणे दिलेला अभिप्राय आहे. वजन एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या शेकडा २० ते ४०. आवर्तने प्रथम ३०, मग थोड्या थोड्या विश्रांतीने १५, १५, १५. हार्वेच्या ‘मध्यम’ या विशेषणास अशा रीतीने तब्बल ३९१ वर्षांनंतर अंकांचे रूप प्राप्त झाले.

येथवर सर्व सुरळीत वाटते. परंतु आता आपण खांद्यापाशी आलो, आणि येथे पट्टीची सद्दी संपते. दंडास पट्टी बांधता येते, मांडीस बांधता येते. खांद्यास ती बांधणार कोठे? अगदी वर सरकवून काखेपाशी बांधली तरी खांद्याचे स्नायू तिच्या वरच राहतात. खांद्यास बाहेरून झाकणारा मोठा त्रिकोणी स्नायू आणि सांध्यास आतून कवटाळून धरणारे चार लहान स्नायू यांस मिळणारे रक्त मुख्यतः गळ्याच्या पायथ्याकडून व काखेतून येणाऱ्या शाखांमधून येते. दंडावरील पट्टीने ते अडत नाही. म्हणजे ज्या कारणाने ही पद्धती फळ देते असे आपण म्हटले, ते कारणच येथे लागू पडत नाही. आणि खांदा तर असा सांधा की, त्याची खोबण उथळ असल्यामुळे त्याची सारी भिस्त या स्नायूंवर असते. ते दुबळे झाले म्हणजे वेणी घालणे, फळीवरील डबा काढणे, सदऱ्यात हात घालणे ही साधी कामेही दुर्घट होतात. हार्वेनंतर बहुतेकांची दृष्टी पट्टीच्या खाली काय घडते याकडेच होती; खांद्याने ती पट्टीच्या वर वळविण्यास भाग पाडले.

पट्टीच्या वरही काही घडते, असा पहिला आशादायक पुरावा छातीच्या स्नायूंवरून मिळाला. २०१० साली यासुदा व त्यांचे सहकारी यांनी थोड्या तरुणांकडून दोन आठवडे, दंडांस पट्ट्या बांधून, उताणे निजून हलके वजन वर ढकलण्याचा व्यायाम करविला. आणि पट्टीखालील दंडाच्या मागच्या स्नायूबरोबर पट्टीबाहेरील छातीचा स्नायूही जाड झाला. तर्क असा की, दंडाचे स्नायू लवकर थकले म्हणजे त्यांच्या वाटणीचे काम छातीच्या व खांद्याच्या स्नायूंवर येऊन पडते. शेजारी आजारी पडला म्हणजे त्याच्या दारचे झाडणे आपल्या गळ्यात यावे, तसा हा प्रकार.

परंतु खांद्याच्या स्नायूंची प्रत्यक्ष परीक्षा झाली तेव्हा साक्षीदारांत फूट पडली. अमेरिकेत ब्रूमिट व त्यांचे सहकारी यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी माणसांनी कुशीवर निजून हात बाहेर फिरविण्याचा हलक्या वजनाचा व्यायाम आठ आठवडे केला. निम्म्यांच्या दंडास पट्टी, निम्म्यांच्या नाही. दोन्ही गटांचे बळ वाढले, आणि गटागटांत फरक आढळला नाही. उलट पुढच्याच वर्षी लॅम्बर्ट व त्यांचे सहकारी यांनीही निरोगी माणसांवरच आठ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात खांद्याचे नाना प्रकारचे व्यायाम होते, आणि पट्टी बांधलेल्यांच्या खांद्याभोवतीचे मांस अधिक वाढले असे दिसले. एकाच विषयाची ही दोन उत्तरे वाचून शास्त्रावर रुसणे योग्य नव्हे. पहिल्या प्रयोगातील व्यायाम एकाच हालचालीचा होता, आणि त्या हालचालीत दंडाच्या स्नायूंस फारसे काम पडत नाही. मग ते थकून खांद्यावर भार टाकणार कसे? दुसऱ्यात हालचाली अनेक होत्या. शेजाऱ्याच्या कामाचा वर सांगितलेला तर्क खरा असेल तर दोन्ही फळे एकाच झाडाची असू शकतात. परंतु हे आमचे अनुमान झाले. त्याची कसोटी प्रयोगानेच लागावयाची.

तोपर्यंत खांदा दुखावलेल्या माणसाने काय समजावे? आम्हांस वाटते, या दोन प्रयोगांतील सर्वांत मोलाची गोष्ट त्यांच्या मतभेदात नसून त्यांच्या एकमतात आहे. ब्रूमिट यांच्या प्रयोगात पट्टी नसलेल्यांचाही खांदा बळावला. म्हणजे हलका, नियमित व योग्य हालचालींचा व्यायाम स्वतःच्या बळावर उभा आहे. पट्टी ही त्यावर चढविलेली भर होय, पाया नव्हे. ज्यास जड वजन उचलता येत नाही आणि ज्याचा सबंध हातच सुकत चालला आहे, त्याच्या दंडास तज्ज्ञाच्या देखरेखीखाली मापून पट्टी बांधणे समर्थनीय आहे, कारण पट्टीखालील लाभ पुष्कळ प्रयोगांनी सिद्ध झालेला आहे. मात्र केवळ खांद्यासाठी तीच एक संजीवनी आहे असे कोणी सांगू लागल्यास त्याच्या आश्वासनात मात्रा चुकली आहे असे समजावे. दोन्ही प्रयोगांतील माणसे निरोगी होती, हेही विसरता कामा नये. ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्या दुखावलेल्या खांद्याची साक्ष त्यांत नाही.

इतिहासाकडे एकवार मागे वळून पाहिले म्हणजे असे दिसते की, या कथेत खलनायक कोणी नाही, आणि एकटा नायकही कोणी नाही. हार्वेने भेद दाखविला, पतीने यंत्र दिले, रिव्हा-रोच्ची व कुशिंग यांनी त्यास अंक दिला, बियर यांनी वेदना हीच मर्यादेची खूण म्हणून सांगितली, डीलॉर्म यांनी नियम घातला, सातो यांनी त्या नियमाबाहेरील माणसांसाठी आपला देह पणास लावला, आणि प्रयोगशाळांतील माणसांनी त्या सर्वांचे म्हणणे तराजूत घातले. ज्या वस्तूने वाजवीपेक्षा अधिक आवळल्यास हात मरतो, तिनेच योग्य तेवढे आवळल्यास तो भरून येतो, हे ज्ञान मिळविण्यास इतक्या पिढ्या खर्ची पडल्या. विष व औषध यांत मात्रेचाच भेद असतो, हे आपल्याकडील वैद्यांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. बंध आणि बळ यांतही तोच भेद असतो, एवढे या इतिहासाने त्यात जोडले.